अर्ध्या दिवसाची सहल, अर्धं चौल

“तुमचं मराठी किती छान आहे हो!”

भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या रो-रो बोटीवर शेजारच्या बाई मला असं म्हणाल्या आणि मी नेहमीप्रमाणे हसून “थँक्यू” म्हणालो. या कौतुकाला दुसरं काय उत्तर देणार? मराठी मुसलमानाला हे वाक्य आयुष्यभर ऐकावं लागतं. बाई मनापासून बोलत होत्या, त्यांच्या मनात खोट नव्हती. माझ्या पलीकडे माझी अम्मी बसली होती. सत्तरी ओलांडलेली, म्हसळा तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मलेली. घरात कोकणी, बाजारात मराठी, नमाजपुरती अरबी. उर्दू तिला वाचता येते, पण बोलताना ती अडखळते. तिच्या मराठीचं कौतुक मात्र कुणी केलं नाही, कारण तिच्याशी मराठीत कुणी बोललंच नाही. डोक्यावरची ओढणी बघून सगळे आपोआप हिंदीवर येत होते, आणि ती बिचारी हिंदीत “हां हां” करत होती.

सहल होती “मुंबईहून अर्ध्या दिवसात चौल-रेवदंडा, गाइडसह”. बहिणीने मोबाइलवर जाहिरात पाहिली आणि अम्मीला हवापालट म्हणून आम्ही सगळे निघालो. भल्या सकाळी बोट, तासाभरात मांडवा, तिथून बसने अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, आणि दुपारी जेवायच्या वेळेला परतीची बोट. जेवण वाटेतल्या एका रिसॉर्टवर. हिशोब केला तर प्रवास पाच तास, जेवण एक तास आणि ज्या गावाच्या नावाने पैसे घेतले त्या गावात जेमतेम दोन तास. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. अर्ध्या दिवसात यापेक्षा जास्त होणार नाही हे तिकीट काढतानाच कळत होतं. माझी तक्रार त्या दोन तासांत काय भरलं याबद्दल आहे.

गाइड विशीतला, गोड बोलणारा मुलगा होता. अम्मीला बसमधून हात धरून उतरवायचा. त्याच्यावर माझा राग नाही. कंपनीने दिलेला मजकूर त्याच्या मोबाइलमध्ये होता आणि तो त्याने पाठ केला होता. त्या मजकुरातलं चौल असं होतं: चौल म्हणजे प्राचीन चंपावती, टॉलेमीनेही उल्लेख केलेलं समृद्ध बंदर. मग मुसलमान आक्रमक आले, त्यांनी या समृद्धीवर घाला घातला. मग पोर्तुगीज आले, त्यांनी समुद्रकाठी देखणा किल्ला आणि चर्च बांधली. मग मराठ्यांनी ते जिंकून घेतलं. आता नारळ-सुपारीच्या वाड्या, सुंदर समुद्रकिनारा, चला फोटो काढू या.

राजकोटाजवळच्या हमामखान्यापाशी आम्ही चांगली दहा-बारा मिनिटं थांबलो. पडीक इमारत, झाडोरा, आत वटवाघळांचा वास. इथे गाइडला रंग चढला. सुलतान, दासी, गुलाबपाणी, अत्तर. बसमधले पुरुष एकमेकांकडे बघून हसले, बायका लांब जाऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी विचारलं, “कुणी बांधलं हे?” गाइड म्हणाला, “मुघलांनी.”

मुघलांनी! चौल हे निजामशाहीचं बंदर. अहमदनगरच्या निजामशहांचं आणि मुघलांचं नातं काय होतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, निदान असायला हवं. चांदबीबी कुणाशी लढली हे ज्याला आठवेल त्याला तेवढं पुरे. पण आता “मुघल” हे घराण्याचं नाव राहिलेलं नाही. मुसलमानाने बांधलेली कुठलीही पडकी भिंत म्हणजे मुघल. आणि हमाम म्हणजे रंगमहाल! हमाम हे न्हाणीघर असतं हो. आठवडेच्या आठवडे खाऱ्या वाऱ्यात काढून आलेल्या माणसाला बंदरात उतरल्यावर पहिल्यांदा काय हवं असेल? गोडं, गरम पाणी.

आता गाइडच्या मजकुरात नसलेली गोष्ट सांगतो.

हिजरी ३०४, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमाराला अल-मसूदी नावाचा बगदादचा विद्वान प्रवासी या किनाऱ्यावर आला होता. अरब लोक चौलला सैमूर म्हणत. मसूदीने लिहून ठेवलंय की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि लग्न करून इथेच घर केलेले लोक आहेत. आणि त्यांत “बयासिरा” आहेत, म्हणजे हिंदभूमीतच मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले. लक्षात घ्या, ९१६ साली! म्हणजे तेव्हाच इथे जन्मलेल्यांची संख्या एवढी होती की त्यांना वेगळं नाव पडलं होतं. महंमद घोरीच्या जन्माला अजून दोनशेहून अधिक वर्षं अवकाश होता. दिल्लीला सुलतान नव्हता, दख्खनमध्ये बहमनी नव्हते. राज्य होतं राष्ट्रकूटांचं, ज्यांना अरब “बल्हारा” म्हणतात. आणि या हिंदू राजाच्या राज्यात मुसलमानांचे आपसातले व्यवहार बघायला त्यांच्यातलाच एक मुखत्यार असे, त्याला “हुनरमन” म्हणत. मसूदी आला तेव्हाच्या हुनरमनचं नावही त्याने दिलंय: अबू सईद मारूफ बिन झकरिया. पुढे इब्न हौकलही तेच सांगतो की बल्हाराच्या शहरांत जुम्मा मशिदी आहेत आणि मुसलमानांवर बल्हाराने मुसलमानच नेमलेला असतो. अबू दुलफच्या नावावरच्या वर्णनात तर याच सैमूरमध्ये मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी आणि अग्निपूजक असे सगळे आपापल्या प्रार्थनास्थळांसकट आहेत.

कुणी म्हणेल, हे सगळे तुमचेच लोक, आपल्या माणसांबद्दल चांगलंच लिहिणार. ठीक आहे. मग पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला चला. तिथे सापडलेला ताम्रपट संस्कृतात आहे आणि शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा आहे. राजा राष्ट्रकूट तिसरा इंद्र. त्याच्या काळात संजाणचा कारभार ज्याच्याकडे होता तो अधिकारी ताजिक, म्हणजे अरब. नाव मधुमती. हे मधुमती म्हणजे महंमदचं संस्कृत रूप. काय गोड रूप आहे! तर या महंमदाच्या कारभारात एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला नैवेद्यासाठी आणि तिथल्या लोकांच्या जेवणखाणासाठी जमीन दिली गेली. मसूदीनंतर अवघ्या दहा वर्षांतली ही गोष्ट, याच किनाऱ्यावरची.

म्हणजे या किनाऱ्यावर इस्लाम आधी होडीतून आला. मालाची गासडी घेऊन आला, राजाची परवानगी घेऊन राहिला, लग्नं करून रुजला. हे मानायला कागदपत्रं नको असतील तर जवळच्या कोकणी मशिदीत फजरच्या नमाजला उभे राहा. आम्ही शाफई. दुसऱ्या रकातीत आमच्याकडे कुनूत पढतात, रुकूला जाताना हात उचलतात. देशावरचा, उत्तरेकडचा मुसलमान बहुतेक हनफी, कारण तिकडे इस्लाम मध्य आशियातून खुष्कीच्या वाटेने उतरला. कोकण, भटकळ, मलबार या सगळ्या किनारपट्टीवर शाफई, कारण अरबस्तानचा किनारा शाफई. आमची नमाजच आमचा पासपोर्ट दाखवते, आणि त्यावर बंदराचा शिक्का आहे.

तलवार आलीच नाही असं मी म्हणत नाही. आली. चौदाव्या शतकात दिल्लीच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या, पुढे हा किनारा बहमनींकडे आणि त्यांच्याकडून निजामशाहीकडे गेला, आणि कुठलंही राज्य फुलं उधळून येत नाही. पण ते चारशे वर्षांनंतर. (आणि ज्या निजामशाहीला आपण “परकी” म्हणतो तिच्या संस्थापकाचा बाप फरिश्ताच्या सांगण्यानुसार पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. असो, तो वेगळा विषय.) मजकूर लिहिणाऱ्याने आधीची चारशे वर्षं कापून टाकली आणि मग म्हणाला, मुसलमान आले ते आक्रमक म्हणून.

आता पोर्तुगिजांकडे बघा. व्यापारासाठी आलो म्हणून सांगत त्यांनी तोफा आणल्या. १५०८ साली चौलच्या खाडीत त्यांची आणि इजिप्तच्या आरमाराची मोठी लढाई झाली, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पुढे त्यांनी रेवदंड्याला कोट बांधला. समुद्र आपल्या बापाचा असल्यासारखे परवाने काढले. ज्याच्याकडे त्यांचा कार्ताझ नाही त्याचं जहाज लुटायचं. त्याआधी १५०२ मध्ये वास्को द गामाने मलबारच्या समुद्रात हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं होतं. आक्रमक हा शब्द कुणाला शोभत असेल तर यांना. पण आमच्या सहलीत रेवदंड्याच्या कोटात शिरताच गाइडचा आवाज बदलला. “युरोपियन वास्तुकला.” “सातखणी मनोरा बघा, प्री-वेडिंगसाठी लोक इथे येतात.” आणि खरंच एक जोडपं होतं, लांब झग्यातली मुलगी आणि सुटातला मुलगा, मनोऱ्याखाली फोटो काढत होते. काढोत, सुखी राहोत. पण ज्यांनी तोफा लावल्या त्यांचा वारसा होतो आणि ज्यांनी दुकानं थाटली त्यांचा घाला होतो, ही वाटणी कुणी केली?

मी गाइडला का थांबवलं नाही, असं तुम्ही विचाराल. बहिणीने बसमध्येच विचारलं होतं. खरं उत्तर असं की बसमध्ये बावीस माणसं होती, रविवार होता, लोक मजा करायला आले होते. तिथे हात वर करून जो बोलतो तो इतिहासाचा अभ्यासक ठरत नाही, तो सहल बिघडवणारा मुसलमान ठरतो. मी गप्प बसलो. चूक केली.

चूक किती महाग होती ते परतीच्या वाटेवर कळलं. अलिबाग सोडल्यावर गाइडने मुलांसाठी प्रश्नमंजूषा घेतली, बरोबर उत्तराला चॉकलेट. रेवदंडा कुठल्या खाडीवर? कुंडलिका. कोर्लईच्या किल्ल्याशेजारी काय आहे? दीपगृह. मग, “समृद्ध चौलवर सगळ्यात आधी आक्रमण कुणी केलं?” चार-पाच हात वर झाले. त्यात एक हात माझ्या भाच्याचा होता. नऊ वर्षांचा आहे, हुशार आहे, सकाळपासून लक्ष देऊन ऐकत होता. तो जोरात म्हणाला, “मुसलमानांनी!” टाळ्या झाल्या. चॉकलेट घेऊन तो मागे आला आणि नानीला म्हणाला, “नानी, मी जिंकलो.” अम्मीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बहीण खिडकीबाहेर बघत बसली.

घरी आल्यावर मी सहल काढणाऱ्यांना लांबलचक पत्र लिहिलं. मसूदी, चिंचणी, सगळं. उत्तर विनयाने आलं: आमची ही अर्ध्या दिवसाची सहल आहे, ग्राहकांना हलकंफुलकं आवडतं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, पुढच्या सहलीवर आपल्याला सवलत देऊ.

या “अर्ध्या दिवसाची” वर मला बोलायचंय. अर्ध्या दिवसात सगळं सांगता येत नाही, कबूल. पण मग कुठलं अर्धं सांगायचं हे कुणीतरी ठरवतंच ना? हमामखान्यात दासी आणि गुलाबपाण्याला दहा मिनिटं मिळाली. “हजार वर्षांपूर्वी इथे हिंदू राजाच्या राज्यात दहा हजार मुसलमान राहत होते, असं एका प्रवाशाने लिहून ठेवलंय,” हे वाक्य म्हणायला दहा सेकंद लागतात, आणि ते हलकंफुलकंच आहे, त्यात कुणाला रडू येण्यासारखं काही नाही. वेळ होता. वेळ कमी असतो तेव्हा माणूस जे आधीपासून मानत आला आहे तेवढंच उरतं, बाकी गळतं. म्हणून अर्ध्या दिवसाच्या सहली पूर्ण दिवसाच्या पुस्तकांपेक्षा जास्त धोक्याच्या. पुस्तक वाचणारे किती? आणि दर रविवारी मांडव्याला उतरणारे किती?

ज्या जिल्ह्यात हे चालतं त्याचं नाव कुलाबा बदलून रायगड केलं ते १९८१ साली, अंतुले मुख्यमंत्री असताना. आंबेतचा कोकणी मुसलमान. हेही दहा सेकंदांचं वाक्य आहे.

पण दगड फक्त पलीकडे मारून थांबलो तर मी अर्धीच सहल केली असं होईल. आपल्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे. मसूदीचा हा उतारा मी पूर्वी एका कोकणी स्नेहसंमेलनात सांगितला होता. त्यावर टाळ्या पडल्या, आणि नंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ छाती फुगवून म्हणाले, “म्हणजे आपण अस्सल अरब!” मला हसावं की रडावं कळेना. मसूदी सांगतोय की ते लोक इथे लग्नं करून राहिले. जहाजावरून व्यापारी येत होते, त्यांच्या बायकांची जहाजं भरून येत नव्हती. मग तुमच्या-माझ्या पणजीची पणजी कोण होती? ती याच वाड्यांतली, याच खाडीकाठची. तिची भाषा आपल्या घरात अजून बोलली जाते, म्हणून तर तिला मातृभाषा म्हणतात. तिच्या हातचं नारळाचं वाटण आपण खातो. शिवाय सगळेच काही अरब व्यापाऱ्यांच्या वंशातले नाहीत. पुष्कळजण इथलेच, इथेच कलमा पढलेले, आणि त्यात कमीपणा काय आहे? समोरचा आपल्याला बाहेरचा म्हणतो तेव्हा आपण चिडतो, आणि लग्नाच्या बैठकीत शजरा काढून स्वतःच बाहेरचे होतो. दोघंही त्या बाईला विसरतात. मला तर वाटतं, आपणच तिला आधी विसरलो, तेव्हा समोरच्याचं काम सोपं झालं.

आणि आपण चौलला जाऊन काय करतो? पडकी मशीद दिसली की सेल्फी, त्याखाली “ये भी कभी हमारा था” छापाची ओळ, तीही उर्दूत. तुमचा कधी होता? तो गावाचा होता. तिथला झाडोरा काढायला, पुरातत्त्व खात्याकडे एक अर्ज करायला, मराठीत चार पानांची माहितीपुस्तिका काढून त्या गाइडच्या हातात द्यायला आपल्यातलं कोण गेलं? अलिबागच्या बेने इस्रायली लोकांकडे बघा. संख्येने मूठभर उरलेत, बरेचसे देश सोडून गेले. पण नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज जहाज फुटून लागले ही आपली कथा त्यांनी जपली, सांगितली, आणि आज ती सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गाइडनेही ती अगदी जिव्हाळ्याने सांगितली. निकितीन नावाचा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास इथे उतरला, घोडा विकायला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. मारूफ बिन झकरियाच्या नावाची एक साधी पाटीसुद्धा मी तिथे पाहिली नाही, आणि ती लावा म्हणून आपण मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणून या लेखासोबत मी दोन पानांचा मजकूर तयार केला आहे. मसूदी, चिंचणीचा ताम्रपट, हमाम म्हणजे काय, निजामशाही म्हणजे मुघल नव्हे. साध्या मराठीत, गाइडला पाच मिनिटांत बोलता येईल असा. चौल-रेवदंड्यातली कॉलेजची मुलं असतील, ज्यांना रविवारी चार पैसे मिळवायचेत, त्यांनी मागावा, फुकट पाठवीन. मुंबईहून मोबाइलमध्ये मजकूर घेऊन येणाऱ्या पोरापेक्षा वाडीतलं पोर चांगलं सांगेल. त्याला निदान खोटं सांगून संध्याकाळी त्याच गावात झोपायचं असतं.

भाच्याशी मी बोललो. मसूदीची गोष्ट सांगितली, जहाजं, सिराफ, घोडे, सगळं रंगवून. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मला चॉकलेट का दिलं?”

एक सांगायचं राहिलं. चौलला बस थांबली होती तेव्हा सगळे गाइडमागे गेले, अम्मीचे गुडघे दुखत होते म्हणून ती एका वाडीच्या गडग्यावर बसली. मी परतलो तर ती वाडीतल्या एका बाईशी बोलत होती. बाई माळी समाजातल्या असाव्यात, पदर खोचलेला, पांढऱ्या कांद्याच्या वेण्या विकायला बसलेल्या. अम्मी तिच्या कोकणीत बोलत होती, बाई त्यांच्या बोलीत, आणि दोघींचं एकमेकींवाचून काही अडत नव्हतं. सुपारी कधी काढता, विहिरीला खारं पाणी लागतं का, सुनेचं बाळंतपण कुठे केलं. सकाळपासून पहिल्यांदाच अम्मीशी कुणी मराठीत बोलत होतं. मग बसचा हॉर्न वाजला.

बाईंनी एक वेणी जबरदस्तीने तिच्या हातात दिली, पैसे घेतले नाहीत. पावसाआधी या, फणस असतात, म्हणाल्या. अम्मीने तेव्हापासून टुमणं लावलंय. मे महिन्यात आम्ही जातोय, भाच्याला घेऊन, अलिबागहून रेवदंड्याच्या एसटीने. मुक्काम करणार आहोत.